बर्फाखालचा कच्चा थर

25 जानेवारी 2017 रोजी काश्मीरमधल्या गुरेझ भागात हिमस्खलन झालं. त्यात गेलेल्या जवानांपैकी एक बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्याचा होता. अशा वेळी बातमीत कारण ठरलेलं असतं: जोरदार बर्फवृष्टी. ते अर्धंच खरं आहे.

नवा बर्फ हा फक्त भार. तो घसरतो, कारण त्याच्याखाली आधीपासून एक कच्चा थर दबा धरून असतो. हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फ थोडाच पडतो. खाली जमीन शून्य अंशाच्या आसपास आणि वर हवा उणे वीस. तळातली वाफ वर सरकत राहते आणि बर्फाचे कण एकमेकांना न चिकटणारे, कोनदार दाणे होऊन बसतात. गंमत अशी की थर जितका पातळ, तितकी ही क्रिया वेगवान! म्हणजे सुरुवातीला बर्फ कमी पडला, तर पुढचा धोका वाढू शकतो. हे मला प्रथम कळलं तेव्हा विश्वासच बसला नव्हता. त्या दाण्यांवर वाऱ्याने घट्ट दाबलेला नवा बर्फ बसतो. उतारावर ज्वारी पसरून वर शहाबादी फरशी ठेवावी, तसं. एका माणसाचं वजनही मग पुरतं. एका ठिकाणी थर खचला की तडा क्षणात दूरवर धावतो आणि अख्खी लादी सुटते.

सुट्या बर्फाची घसरण एका बिंदूपासून सुरू होते, ओल्या बर्फाची ऊन तापल्यावर. पण सर्वाधिक घात लादीच करते, तोही साधारण 30 ते 45 अंशांच्या उतारावर. त्याहून उभ्या कड्यावर बर्फ साचायच्या आतच थोडाथोडा ओघळत राहतो. ओरडल्याने बर्फ कोसळतो ही मात्र सिनेमाची देणगी. आवाजाचा दाब त्यासाठी फारच तोकडा.

कोसळलेला बर्फ थांबला की आवळून घट्ट होतो, गाडलेल्याला हातही हलवता येत नाही. पहिल्या पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्यांपैकी बहुतेक वाचतात. अर्ध्या तासानंतरही गाडलेलेच राहिलेले बहुतेक गुदमरतात. 2016 साली सियाचेनमध्ये हिमस्खलनात गाडले गेलेले लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड सहा दिवसांनी जिवंत सापडले, त्याचं म्हणूनच एवढं नवल. तेही 11 फेब्रुवारीला गेले.

मनालीत 1969 पासून संरक्षण खात्याचे संशोधक या थरांचा अभ्यास करताहेत: बर्फात खड्डा खणायचा, थर मोजायचे, दाणे भिंगाखाली पाहायचे. या कामाला मथळे मिळत नाहीत. गिर्यारोहक या संशोधकांचा इशारा वाचून माघारी फिरू शकतो. चौकीवरच्या जवानाला ती मुभा नसते. म्हणून चौकी कुठल्या उताराखाली उभारायची, हे तो खड्डा पाहूनच ठरायला हवं.