भयाची पुनर्रचना आणि रसिकाचे द्विधा मन

एखादा जुना, गाजलेला भयपट नव्याने निर्माण होणार असल्याची वार्ता कानी आली की त्या चित्रपटाच्या चाहत्याच्या मनात दोन परस्परविरोधी भावना एकाच वेळी उमटतात. आपल्या ठेव्याला कोणी हात लावू नये, ही त्यांपैकी एक. आणि तो ठेवा नव्या प्रकाशात कसा दिसेल हे पाहण्याची ओढ, ही दुसरी. समीक्षेने बहुधा पहिल्या भावनेला सनातनीपणा म्हणून आणि दुसरीला केवळ बाजारी कुतूहल म्हणून बाजूस सारले आहे. वस्तुतः या द्विधा मनःस्थितीत विचारांचा गोंधळ नाही. कलाकृती आणि तिचा भोक्ता यांच्या नात्यातूनच ती अपरिहार्यपणे जन्मते, आणि भयानक रसाच्या क्षेत्रात ती सर्वाधिक स्पष्ट दिसते.

ही मनःस्थिती चित्रपटाबरोबर जन्माला आली असेही नाही. मराठी वाङ्मयात तिचे एक ठळक उदाहरण काशीच्या पंचगंगा घाटाशी निगडित आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरील एकनाथांची टीका शके १४९५ मध्ये, म्हणजे इ. स. १५७३ मध्ये वाराणसीस पूर्ण झाली, आणि परंपरा तिचे स्थान याच घाटाच्या परिसरात मानते. मुळातील सुमारे चौदाशे श्लोकांवर अठरा हजारांहून अधिक ओव्या झालेल्या या ग्रंथाला काशीतील पंडितांनी प्रारंभी विरोध केला आणि अखेर त्याचीच मिरवणूक काढली, असे चरित्रकार सांगतात. कथेतील इतिहासाचा अंश किती, हा प्रश्न येथे गौण आहे. पंडितांचा रोष आणि पंडितांचीच मिरवणूक या दोन्ही गोष्टी एकाच कथेत सांगाव्यात, असे परंपरेला वाटले, हे महत्त्वाचे. ज्यांना मूळ ग्रंथ प्राणप्रिय होता, तेच त्याच्या नव्या रूपाचे पहिले विरोधक होते आणि तेच पहिले खरे वाचकही ठरले. ज्याला मुळाची आस्थाच नाही, त्याला पुनर्रचनेचा रागही येत नाही आणि तिचा आनंदही होत नाही.

याहून अर्थपूर्ण गोष्ट पुढेच आहे. ज्या एकनाथांनी भागवताला निःशंकपणे मराठी रूप दिले, त्यांनीच शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांत शिरलेले अपपाठ दूर करून तिची शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि तिच्यात यापुढे कोणी आपली ओवी मिसळू नये, असे बजावून ठेवले. एकाच पुरुषाने एका ग्रंथाची मुक्तपणे पुनर्रचना करावी आणि दुसऱ्याच्या अक्षरावर पहारा ठेवावा, यात वरवर पाहता विसंगती दिसते. परंतु दोन्ही कृतींमागील तत्त्व एकच आहे. एकनाथी भागवत निर्माण झाल्याने संस्कृत भागवताचे एक अक्षरही पुसले गेले नाही. दोन्ही ग्रंथ शेजारी शेजारी नांदले. ज्ञानेश्वरीत घुसडलेली ओवी मात्र मुळाच्या शेजारी बसत नाही, ती मुळाच्या नावाने मुळाची जागा घेते. पुनर्रचना आणि स्थानापहरण यांतील हा भेद एकनाथांनी प्रत्यक्ष आचरणात दाखवला. चाहत्याच्या मनातील ओढ पहिल्या कृतीकडे असते आणि भय दुसऱ्या कृतीचे असते. कोणत्याही नव्या घोषणेच्या वेळी या दोहोंपैकी काय घडणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. त्याचे मन द्विधा होते ते त्यामुळेच.

आता भयपटाच्या विशेष अडचणीचा विचार करावा लागतो. शृंगार, करुण वा वीर या रसांची सामग्री ओळखीची असली तरी आस्वादाला सहसा बाध येत नाही. रामकथेचा शेवट ठाऊक असलेला श्रोताही वनवासाच्या प्रसंगी गहिवरतो. लौकिक भयाची गोष्ट निराळी आहे. ते अज्ञातावर पोसले जाते. बंद दाराआड काय आहे हे कळले की भयाचा निम्मा आधार जातो. मग जाणता प्रेक्षक तोच भयपट पुन्हा पुन्हा का पाहतो? या प्रश्नाचे उत्तर अभिनवगुप्ताच्या विवेचनात सापडते. रसप्रतीतीचे स्वरूप स्पष्ट करताना त्याने शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील, दुष्यंताच्या बाणाला भ्यालेल्या हरिणाचे उदाहरण घेतले. तेथे हे भय या हरिणाचे, माझे वा शत्रूचे, असा कोणताही व्यक्तिसंबंध उरत नाही. देशकालाच्या मर्यादा गळून पडतात आणि निखळ भय आस्वाद्य होते. पहिल्या दर्शनातील दचकणे हा लौकिक भयाचाच एक प्रकार म्हणावा लागेल. रस जन्मतो तो दचकणे संपल्यावरही जे उरते त्यातून. जुन्या भयपटाचा चाहता या उरलेल्या गोष्टीवर प्रेम करीत असतो. नवी आवृत्ती केवळ दचकवण्याची साधने वाढवील आणि जे उरते ते गमावील, ही त्याची शंका म्हणून निराधार म्हणता येत नाही.

या शंकेची जणू प्रयोगशाळेतच परीक्षा झाली. आल्फ्रेड हिचकॉकचा ‘सायको’ १९६० मध्ये आला. १९९८ मध्ये गस व्हॅन सँट या दिग्दर्शकाने त्याची दृश्यामागून दृश्य जुळवीत रंगीत पुनर्निर्मिती केली. रचना बव्हंशी तीच, संवाद जवळजवळ तेच, संगीतही मूळचेच. तरी मुळाचा परिणाम त्यात उतरला नाही, असाच बहुसंख्य समीक्षकांचा अभिप्राय पडला. निष्ठा म्हणजे अनुकरण नव्हे, हे यावरून सिद्ध झाले. देहाची प्रत्येक रेषा जुळवूनही प्राण जुळत नाही. कारण कलाकृतीचा प्राण तिच्या अंगांच्या परस्परसंबंधांत आणि तिच्या काळाशी असलेल्या तिच्या नात्यात असतो.

याच्या उलट उदाहरण भारतीय आहे, आणि योगायोगाने त्याचा एक धागा काशीपर्यंत पोहोचतो. फाझिल यांनी दिग्दर्शित केलेला ‘मणिचित्रताळ्’ हा मल्याळम चित्रपट १९९३ चा. पुढे कन्नडमध्ये ‘आप्तमित्र’ (२००४), तमिळमध्ये ‘चंद्रमुखी’ (२००५) आणि हिंदीत प्रियदर्शन यांचा ‘भूलभुलैया’ (२००७) अशी त्याची रूपे झाली. हिंदी रूपात कथेचे स्थळ वाराणसीच्या परिसरात आले. मुळातील भयाचे मर्म केवळ कुलूपबंद दालनात नाही. मल्याळी घराण्याच्या वाड्यात तमिळ बोलणारी एक मृत नर्तकी वावरते. घरातल्या माणसाच्या मुखातून एकाएकी परकी भाषा उमटते, हे ते मर्म होय. हिंदी रूपकाराने नर्तकीला बंगाली केले, म्हणजे तपशील बदलला. परंतु घर आणि परकी भाषा यांतील नाते राखले. तेवढ्या अंशाने तो यशस्वी झाला. शोभना यांचा अभिनय पाहिलेल्या रसिकांना नवे रूप उथळ वाटले, तर ज्यांनी मूळ पाहिलेच नव्हते त्यांच्या दृष्टीने मंजुलिका हेच मूळ ठरले. दोन्ही अनुभव खरे आहेत. त्यांचा वाद तर्काने मिटणारा नाही, कारण प्रत्येकाचे पहिले भय निराळे आहे.

मराठीतील अलीकडचे उदाहरण ‘लपाछपी’चे. विशाल फुरिया यांचा हा चित्रपट २०१७ मध्ये प्रदर्शित झाला आणि २०२१ मध्ये त्यांनीच तो ‘छोरी’ या नावाने हिंदीत केला. दोहोंत गर्भवती नायिका, उसाच्या रानातले एकाकी घर आणि स्त्रीभ्रूणहत्येचे पाप आहे. दिग्दर्शक एकच असल्यामुळे येथे मूळ कर्त्याच्या इच्छेविरुद्ध काही घडले, असे कोणी म्हणू शकत नाही. तरीही मराठी रसिकाला काही हरवल्यासारखे वाटले तर त्याचे कारण शोधण्याजोगे आहे. ‘लपाछपी’ हे नाव खेळाचे आहे. ते विषय सांगत नाही, लपवते. ‘छोरी’ हे नाव विषय प्रारंभीच उघड करते. भयकथेत काय लपवावे आणि केव्हा उघडावे यालाच शैली म्हणतात. म्हणून नावातील हा बदल केवळ भाषेचा राहत नाही. दुसरे असे की, मराठी प्रेक्षकाला ऊस ही केवळ दृष्टी अडवणारी वनस्पती नाही. उसाने समृद्ध झालेल्या कोल्हापूर-सांगली भागात बालिकांचे प्रमाण किती घटले, हे २००१ च्या जनगणनेने दाखवले होते. त्या रानातील भय म्हणजे समृद्धीच्याच पोटातील भय होय. उत्तर भारतातही ऊस आहे आणि तेच पापही आहे, हे मान्य केले पाहिजे. त्यामुळे स्थलांतर सर्वस्वी निष्फळ झाले नाही, आणि मराठी न जाणणाऱ्या फार मोठ्या समुदायापर्यंत ती कथा पोहोचली. लाभ आणि हानी यांचा असा एकत्र जमाखर्च मांडण्यातच समीक्षेचा प्रामाणिकपणा आहे.

काळाचा निवाडाही नेहमी चाहत्यांच्या पहिल्या प्रतिक्रियेशी जुळत नाही. १९५१ च्या एका अमेरिकी भयपटाचे मूळ कथाबीज घेऊन जॉन कार्पेंटर यांनी १९८२ मध्ये ‘द थिंग’ केला, तेव्हा त्याची बहुतांशी निर्भर्त्सनाच झाली. आज तोच श्रेष्ठ भयपटांत गणला जातो. मुर्नाऊ यांचा ‘नोस्फेराटू’ (१९२२) हा तर स्टोकरच्या ‘ड्रॅक्युला’वर परवानगीवाचून बेतलेला, न्यायालयाने त्याच्या प्रती नष्ट करण्याचा आदेश दिला होता. त्यातून काही प्रती वाचल्या, आणि १९७९ मध्ये हर्झोग यांना व २०२४ मध्ये एगर्स यांना तोच चित्रपट प्रमाण मूळ म्हणून समोर ठेवता आला. एका पिढीचा अपहार पुढील पिढीचा वारसा होतो, तो असा.

परंतु या उदार निष्कर्षाला एक अट आहे. मूळ शिल्लक राहिले पाहिजे. भारतीय चित्रपटाच्या बाबतीत ही अट अनेकदा पाळली गेलेली नाही. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) १९१७ मध्ये पुन्हा केला, आणि आज उपलब्ध असलेला भाग या दुसऱ्या आवृत्तीचा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. बाबूराव पेंटर यांनी १९२५ चा मूक ‘सावकारी पाश’ १९३६ मध्ये बोलपटाच्या रूपात पुन्हा घडवला; मूकपट मात्र काळाच्या उदरात गेला. पंचगंगा घाटावरही हेच शल्य दगडात उभे आहे. बिंदुमाधवाचे भव्य मंदिर सतराव्या शतकात औरंगजेबाच्या राजवटीत पाडले गेले व त्या जागी मशीद उभी राहिली. आज माधवाची पूजा जवळच्या लहानशा मंदिरात होते. भक्ताला त्या लहान देवळाविषयी कृतज्ञता वाटते आणि त्याच दर्शनात हरपलेल्या मोठ्या देवळाची आठवणही होते. मूळ नष्ट झाल्यावर पुनर्रचना हा पर्याय राहत नाही, तो एकमेव अवशेष होतो. आणि अवशेषावर मुळाइतके प्रेम करणे मनुष्याला जड जाते.

या दृष्टीने ‘तुंबाड’चा अनुभव बोलका आहे. नारायण धारप यांच्या भयकथेतून प्रेरणा घेतलेला राही अनिल बर्वे यांचा हा चित्रपट २०१८ मध्ये आला आणि २०२४ मध्ये तोच पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा अधिक उत्पन्न त्याने मिळवले. त्याची नवी आवृत्ती कोणी केली नव्हती. प्रेक्षकाला मूळच पुन्हा, अंधाऱ्या चित्रपटगृहात, अनेकांच्या सहवासात पाहावयाचे होते. ज्या धारपांनी पाश्चात्य भयकथांची बीजे मराठी मातीत रुजवली, त्यांच्या वाचकांना रूपांतराचे वावडे नव्हते, हेही येथे ध्यानात घ्यावे लागते.

तेव्हा चाहत्याच्या द्विधा मनाला दोष देण्याऐवजी त्यातील दोन्ही आवाजांना त्यांचे त्यांचे काम नेमून द्यावे, हे उचित. निर्मात्याला स्वातंत्र्य असावे. आणि संग्राहकाने, अभ्यासकाने व चाहत्याने मुळाच्या संहितेवर, प्रतीवर आणि आठवणीवर पहारा ठेवावा. एकनाथांनी ही दोन्ही कामे अकरा वर्षांच्या अंतराने स्वतःच केली. मराठी भयपटांच्या जुन्या प्रती जोवर सुरक्षित नाहीत, तोवर नव्या आवृत्त्यांविषयीचा रसिकाचा संशय हा त्याचा हट्ट मानता येणार नाही. ती एका अपुऱ्या राहिलेल्या सामूहिक कर्तव्याची जाणीव आहे.