रक्ताऐवजी हिरडीची लाळ

बेळगाव जिल्ह्यातल्या निपाणीत विडी वळणाऱ्या बाईचं रक्त घ्यायचं म्हणजे आधी तिच्या मांडीवरचं सूप खाली ठेवायला लावायचं. विड्या मोजून पैसे मिळतात. हात थांबला की मजुरी थांबली. वर, "अगोदरच अंगात रगात न्हाई, त्यात तुमी काढून नेताय," हे ठरलेलं वाक्य. लॅब टेक्निशियन म्हणून माझी सारी नोकरी याच भागात झाली, पण या वाक्याला चांगलं उत्तर मला कधी सुचलं नाही. हिमोग्लोबिन पाहिलं की बहुतेकदा बाईचंच खरं निघायचं.

आजारी माणूस दंड पुढे करतो, कारण त्याला औषध हवं असतं. धडधाकट माणसाची गोष्ट वेगळी. "तुमच्या गावात किती जणांना नकळत लागण होऊन गेली, ते बघायचंय," म्हटलं की तो विचारणारच, यात माझा काय फायदा? अशा पाहणीत आजाराचा जंतू शोधत नाहीत. जंतू येऊन गेल्यावर शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, शोधतात. कोरोनात राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर जो आरटीपीसीआरचा कागद मागत होते, तो 'आत्ता विषाणू आहे का' ते सांगायचा. अँटिबॉडी 'येऊन गेला का' ते सांगते.

कोरोनाच्या वेळी अशा पाहण्या झाल्या, त्या शिरेतल्या रक्तावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने (आयसीएमआर) मे-जून २०२० मध्ये देशातले ७० जिल्हे निवडले, त्यात आमच्या शेजारचं सांगली होतं. तेव्हा देशात शंभरात एकालाही लागण होऊन गेलेली दिसली नाही. सप्टेंबरमध्ये कर्नाटकाने सगळ्या ३० जिल्ह्यांत पाहणी केली, तेव्हा चालू आणि होऊन गेलेली लागण धरून आकडा २७.३ टक्के आला. एवढ्या कामाला सुई टोचणारा शिकलेला माणूस हवा, सेंट्रिफ्यूज हवं, बर्फाची पेटी हवी आणि वापरलेल्या सुया टाकायची वेगळी सोय हवी. खेड्यात यातलं एक तरी कमी पडतंच.

लाळेची वाट इथे निघते. खरं तर 'लाळ' म्हणणं ढोबळ आहे. तोंडातल्या ग्रंथी जी लाळ सोडतात, तिच्यात आयजीए जातीची प्रतिपिंडं जास्त. आपल्याला हवी असलेली आयजीजी मुख्यतः रक्तातून येतात, दात आणि हिरडी यांच्यामधल्या बारीक फटीतून पाझरून. म्हणून नळीत नुसतं थुंकून भागत नाही. छोटा स्पंज हिरडीच्या कडेने मिनिट-दीड मिनिट फिरवायचा आणि तो प्रतिपिंडं टिकवणाऱ्या द्रावणात बुडवायचा. तरीही तिथे आयजीजी रक्ताच्या साधारण हजाराव्या हिश्श्याएवढंच सापडतं. त्यामुळे चाचणी फार तीक्ष्ण लागते, आणि नमुन्यात एकूण आयजीजी पुरेसं उतरलंय ना, हेही आधी तपासावं लागतं. नाहीतर कोरड्या तोंडाचा माणूस फुकटच 'निगेटिव्ह' ठरतो.

ही कल्पना कोरोनातली नव्हे. ब्रिटनमध्ये १९९४ पासून संशयित गोवराच्या मुलांचे असे नमुने घेतात. घरी आईबापच स्पंज फिरवतात आणि पोस्टाने पाठवतात. आपल्याकडचा दाखला सेवाग्रामचा. तिथल्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेत एचआयव्हीची शंका असलेल्या ४५० जणांची हिरडीच्या द्रवावरची झटपट चाचणी झाली, सोबत बोटाच्या रक्ताची आणि खात्रीची प्रयोगशाळेतलीही. २००७ साली निष्कर्ष छापून आले. हिरडीची चाचणी खात्रीच्या चाचणीशी तंतोतंत जुळली, आणि पहिल्या तपासणीसाठी ८७ टक्के लोकांनी तिलाच पसंती दिली. बेळगाव, बागलकोट, सांगली, कोल्हापूर हे पट्टेच्या पट्टे एकेकाळी एचआयव्हीने पोळलेले. तिथे काम केलेल्या माणसाला या ८७ टक्क्यांचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

मात्र एकेकट्या माणसाच्या निदानासाठी मी अजूनही रक्तच मागेन. सेवाग्रामला कुणी सुटलं नाही, तरी लाळेत काही जण सुटू शकतात. गावाच्या हिशोबात ती चूक दुरुस्त करता येते. समजा, चाचणी शंभरातले नव्वद पकडते आणि खोटे पॉझिटिव्ह देत नाही, तर ४५ सापडले म्हणजे खरे ५० धरायचे. पण सुटलेल्या पाचांपैकी एकाच्या हातात 'तुम्हाला काही झालेलं नाही' असा कागद देणं चूक.

निपाणीची अडचण आणखी वेगळी आहे. हा तंबाखूचा मुलूख. सकाळी मिसरी लावल्याशिवाय कित्येक बायांचा दिवस सुरू होत नाही. दुपारी पुन्हा एकदा होतेच. स्पंज काळा होतो, हिरड्यांतून रक्त येतं. रक्त मिसळलं की प्रतिपिंडं वाढलेली दिसतात, तोंड कोरडं असलं की कमी. नमुन्याआधी अर्धा तास तोंडात काही नको, हा नियम कागदावर सोपा. वखारीत तो पाळून घेणं हे आशा कार्यकर्तीचं कौशल्य. सेवाग्रामचे आकडे जसेच्या तसे इथे लावता येणार नाहीत.

बेळगावात नेहरूनगरला आयसीएमआरची पारंपरिक वैद्यकाची संस्था आहे. २०२० मध्ये तिथे कोरोनाच्या तपासण्या झाल्या. शहरात मेडिकल कॉलेजंही आहेत. पुढची साथ यायच्या आत त्यांनी मिसरी लावणाऱ्या बायांचं रक्त आणि हिरडीचा स्पंज एकाच बैठकीत घेऊन दोन्ही ताडून बघावेत, आणि त्या वेळेची बुडालेली मजुरी त्यांना द्यावी.