बाकं हलली, पंगत बसली

चर्च म्हणजे रविवारी सकाळी प्रार्थना आणि बाकी सहा दिवस शांतता, असा आपला सर्वसाधारण समज. न्यूयॉर्कमधल्या एका चर्चचं गणित मात्र उलटं आहे. तिथे सगळ्यात मोठी गर्दी होते सोमवार ते शुक्रवार, ऐन जेवणाच्या वेळी. आणि ही गर्दी प्रवचन ऐकायला नाही, तर चक्क जेवायला येते.

‘चर्च ऑफ द होली अपोस्टल्स’ हे त्याचं नाव. मॅनहॅटनच्या चेल्सी भागात नाइन्थ ॲव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे कोपऱ्यावर ते उभं आहे. १८४० च्या दशकात बांधलेली विटांची इमारत, टोकदार मनोरा, रंगीत काचांच्या खिडक्या. आजूबाजूला १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या सहकारी गृहसंकुलाच्या उंच इमारती, आणि थोडं पश्चिमेला गेलं की पर्यटकांनी गजबजलेली ‘हाय लाइन’. बाहेरून बघितलं तर अगदी पोस्टकार्डवरचं चर्च. आत मात्र काहीतरी वेगळं जाणवतं. सिनेमात दिसतात तशा लाकडी बाकांच्या रांगा इथे नाहीत. त्या का नाहीत, हीच तर या चर्चची गोष्ट आहे.

आधी थोडं बेसिक

हे चर्च ‘एपिस्कोपल’ पंथाचं आहे. शब्द जड वाटतो, पण अर्थ सोपा आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ देखरेख करणारा, म्हणजे बिशप. ज्या चर्चची रचना बिशपच्या हाताखाली चालते ते एपिस्कोपल. इंग्लंडच्या राजाला मानणाऱ्या ‘चर्च ऑफ इंग्लंड’ची ही अमेरिकन शाखा. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर तिथल्या धर्मगुरूंनी राजाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ घ्यायची कशी, असा पेच आला. मग १७८९ मध्ये अमेरिकेतल्या मंडळींनी आपली वेगळी घडी बसवली.

पॅरिश म्हणजे एका चर्चभोवतीची मंडळी. वसईकडे याला ‘धर्मग्राम’ म्हणतात. एपिस्कोपल पॅरिशचा कारभार बराचसा आपल्या हाउसिंग सोसायटीसारखा असतो. दरवर्षी वार्षिक सभा होते, सभासद मतदान करून ‘व्हेस्ट्री’ नावाची कमिटी निवडतात. ही कमिटी पैशांचा हिशोब ठेवते, गळक्या छताची काळजी करते आणि मुख्य धर्मगुरू म्हणजे ‘रेक्टर’ कोण असावा हेही बिशपच्या संमतीनं ठरवते. रेक्टर बाई असू शकते. या चर्चनं स्त्रियांना धर्मगुरू व्हायची परवानगी १९७६ मध्येच दिली.

पैसा सरकार देत नाही. सभासद वर्षाच्या सुरुवातीला ‘मी यंदा इतकी वर्गणी देईन’ असं लिहून देतात, त्यावर धर्मगुरूंच्या पगारापासून हीटरच्या बिलापर्यंत सगळं चालतं. म्हणजे माणसं कमी झाली की थेट इमारतीच्या अस्तित्वावरच येतं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आठवडा कसा जातो?

अमेरिकेतल्या कुठल्याही एपिस्कोपल पॅरिशचा आठवडा बघितला तर प्रार्थनेइतकीच लगबग इतर गोष्टींची दिसते. रविवारी सकाळी पवित्र सहभागितेचा विधी म्हणजे भाकर आणि द्राक्षरस. त्याच वेळी लहान मुलांचं संडे स्कूल. विधी संपला की ‘कॉफी अवर’. बाजूच्या हॉलमध्ये कॉफीचा मोठा थर्मास, कुणीतरी घरून करून आणलेला केक, आणि गप्पा. कुणाचं ऑपरेशन झालं, कुणाच्या मुलाला नोकरी लागली, हे सगळं इथे कळतं. नवीन आलेल्या माणसाला पहिल्यांदा नावानं हाक मारली जाते तीही बहुतेक वेळा इथेच.

आठवड्याच्या मधल्या संध्याकाळी गायकवृंदाची तालीम. वेदीवरची वस्त्रं धुऊन-इस्त्री करून ठेवणारा, फुलांची सजावट करणारा एक गट असतो, त्याला ‘ऑल्टर गिल्ड’ म्हणतात. बायबल अभ्यासाचा वर्ग असतो. अनेक चर्चच्या तळघरात संध्याकाळी ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’च्या बैठका भरतात. ती संस्था चर्चची नसते, जागा तेवढी चर्चची असते. लेंट म्हणजे उपवासाचा काळ सुरू होण्याच्या आदल्या मंगळवारी पॅनकेकचं जेवण होतं. आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला, संत फ्रान्सिसच्या सणाच्या सुमारास, लोक आपली कुत्री-मांजरं घेऊन चर्चमध्ये येतात आणि धर्मगुरू त्यांना आशीर्वाद देतात. (हो, त्या दिवशी रील्सचा पाऊस पडतो.)

वाचायला हे सगळं गोड वाटतं, पण यामागे एक काळजी आहे. १९६० च्या दशकात एपिस्कोपल चर्चचे अमेरिकेत ३४ लाखांच्या वर सभासद होते. आज ती संख्या निम्म्याहून कमी झाली आहे. कॉफीचा थर्मास तोच, पण कप कमी लागतात. अनेक पॅरिशेस बंद झाल्या, एकमेकींत विलीन झाल्या, काही इमारती विकल्याही गेल्या.

‘बंदच पडायचंय तर...’

होली अपोस्टल्सवरही हीच वेळ आली होती. १९८० च्या सुमारास मंडळी कमी, खर्च मोठा आणि इमारत जुनी. टाळं लागणार असं दिसत होतं. त्याच काळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर बेघर माणसांची संख्या डोळ्यांत भरण्याइतकी वाढली होती. अशा वेळी कुठलीही कमिटी काय करेल? खर्च कमी करेल. या मंडळींनी खर्च वाढवला. ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यांनी दुपारचं मोफत जेवण सुरू केलं. पहिल्या दिवशी पस्तीसेक माणसं जेवली. पुढच्या काही वर्षांत हा आकडा दिवसाला हजाराच्या घरात गेला.

नियम एकदम सोपे होते. रांगेत उभं राहायचं, आत यायचं, गरम जेवायचं. नाव, कागदपत्रं, धर्म, दारू सुटली की नाही, काहीही विचारायचं नाही. जेवणाआधी प्रवचन नाही, जेवणानंतर बायबलची प्रत हातात देणं नाही. येणाऱ्याला ‘गेस्ट’ म्हणायचं, म्हणजे पाहुणा. वाढणाऱ्या स्वयंसेवकांनी चर्चचं सभासद असायलाच हवं, अशीही अट नाही. कुणी ज्यू, कुणी काहीच न मानणारं, कुणी कॉलेजमधलं.

आणि मग आग लागली

सुरुवातीला जेवण बाजूच्या मिशन हाउसमध्ये व्हायचं. प्रार्थनेची जागा वेगळी, जेवणाची वेगळी. एप्रिल १९९० मध्ये छताच्या दुरुस्तीचं काम चालू असताना चर्चला मोठी आग लागली. छताचं प्रचंड नुकसान झालं, जुन्या रंगीत खिडक्यांपैकी काही गेल्या. तरीही जेवण थांबलं नाही, दुसऱ्या दिवशीही रांगेतल्या लोकांना खायला मिळालं.

इमारत पुन्हा उभी करायला १९९४ उजाडलं. त्या वेळी मंडळींसमोर एक साधा वाटणारा प्रश्न होता. बाकं परत बसवायची का? जमिनीला ठोकलेली लाकडी बाकं म्हणजे चर्चचं चर्चपण. पण ती बसवली की जागा एकाच कामाची होते. त्यांनी बाकं बसवली नाहीत. मुख्य सभामंडप मोकळा ठेवला. आठवड्याच्या दिवसांत तिथे गोल टेबलं लागू लागली आणि रविवारी त्याच फरशीवर प्रार्थनेसाठी खुर्च्या.

याचं महत्त्व आपल्याला पटकन कळेल, कारण अन्नदान आपल्याला नवीन नाही. गुरुद्वाऱ्यातला लंगर आपण जेवलोय, शिर्डीचं प्रसादालय, अक्कलकोटचं अन्नछत्र माहीत आहे. पण तिथे जेवणाचा हॉल वेगळा असतो. इथे थेट सभामंडपातच पंगत बसली. ज्या माणसाला आसपासच्या महागड्या कॅफेत वॉशरूम वापरू देत नाहीत, तो शहरातल्या सर्वांत सुंदर खिडक्यांपैकी काही खिडक्यांखाली बसून जेवतो.

जागा कुणाची?

खरं तर जागा उघडी ठेवायची सवय या चर्चला आधीपासून होती. १९७० च्या सुमारास समलिंगी हक्कांसाठी लढणाऱ्या तरुणांना सभा घ्यायला न्यूयॉर्कमध्ये जागा मिळत नव्हती, तेव्हा त्यांच्या बैठका इथे झाल्या. १९७३ मध्ये समलिंगी ज्यूंचं एक प्रार्थनामंडळ याच चर्चमध्ये सुरू झालं, आणि पुढे कित्येक वर्षं त्यांची शुक्रवारची प्रार्थना इथेच भरायची. जानेवारी १९७७ मध्ये एलन बॅरेट यांची धर्मगुरू म्हणून दीक्षा इथे झाली. आपण समलिंगी आहोत हे उघडपणे सांगणाऱ्या त्या एपिस्कोपल चर्चमधल्या पहिल्या स्त्री धर्मगुरू. त्यावरून तेव्हा प्रचंड वाद झाला होता.

१९९० च्या दशकात आणखी एक गोष्ट सुरू झाली. ‘द न्यूयॉर्कर’चे लेखक इयन फ्रेझियर यांनी जेवायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी लेखन कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. जेवण झालं की ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबायचं, दिलेल्या विषयावर लिहायचं आणि मोठ्यानं वाचून दाखवायचं. त्यातून निवडलेल्या लेखनाचं ‘फूड फॉर द सोल’ हे पुस्तक २००४ मध्ये आलं. मास कॉमच्या वर्गात आम्हाला ‘व्हॉइस ऑफ द व्हॉइसलेस’ हा वाक्प्रचार अनेकदा ऐकवला जातो. इथे कुणी कुणाचा आवाज झालं नाही. पेन, कागद आणि बसायला टेबल दिलं, बाकीचं त्यांनीच लिहिलं.

पुण्यातला एक कप चहा

एकत्र बसून खाणं ही किती मोठी गोष्ट आहे, हे पुण्याला वेगळं सांगायची गरज नाही. एपिस्कोपल चर्चच्याच अँग्लिकन कुटुंबातलं एक मिशन पुण्याच्या गुरुवार पेठेत होतं, पंच हौद मिशन. आजचं पवित्र नाम देवालय तिथलंच. १८९० मध्ये आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी शहरातल्या बड्या मंडळींना तिथे बोलावलं. चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक, गोखले असे लोक हजर होते. नंतर गोपाळरावांनी नावं छापून आणली आणि शहर पेटलं. मिशनऱ्यांकडे चहा प्यायले म्हणून प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, ग्रामण्य झालं, रानड्यांनी शेवटी प्रायश्चित्त घेतलं. एका कपासाठी!

पुढे भारतातल्या अँग्लिकन आणि इतर काही चर्चेस एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं, तेही महाराष्ट्रातच, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. पंच हौदचा किस्सा आपण आज हसत सांगतो. पण कुणाबरोबर जेवायचं, कुणाच्या घरचं पाणी प्यायचं, भाड्यानं फ्लॅट देताना ‘व्हेज की नॉनव्हेज’ का विचारायचं, हे प्रश्न संपलेत का? पंक्तिभेद हा शब्द जुना झालाय, गोष्ट नाही.

रांग अजून आहे

होली अपोस्टल्सची गोष्ट ‘आणि मग सगळं छान झालं’ अशी संपत नाही. भूक हटेपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून सुरू झालेलं जेवण चाळीस वर्षांहून जास्त चाललंय. कोविडमध्ये आत बसणं बंद झालं, तेव्हा जेवण पॅक करून दारातून दिलं गेलं. जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकात ही रांग कमी का होत नाही, याचं उत्तर स्वयंपाकघरात मिळत नाही. ते पगारात, घरभाड्यात आणि दवाखान्याच्या बिलात आहे. रविवारी प्रार्थनेला येणारी मंडळी दुपारच्या रांगेच्या मानानं आजही मूठभरच असतात. म्हणजे माणसांना जेवू घातलं म्हणून ती चर्चला यायला लागली, असंही झालेलं नाही. तसा त्यांचा हेतूही नव्हता.

पण चर्च वाचलं. बंद पडणाऱ्या पॅरिशला जगायला कारण मिळालं आणि त्या कारणासाठी पैसे देणारे, हात लावणारे लोक सभासदांच्या यादीबाहेरूनही आले.

आपल्याकडेही जागांची कमतरता नाही. देवळांचे सभामंडप, समाजमंदिरं, गणेश मंडळांचे हॉल. काही मंडळं तिथे वर्षभर अभ्यासिका चालवतात, रक्तदान शिबिरं घेतात. बाकीच्या अनेक जागांना उत्सवाचे दिवस सोडले तर कुलूप असतं. त्याच गल्लीत बाहेरगावहून आलेली आपल्याच वयाची मुलं कॉट बेसिसच्या खोलीत, फोन समोर ठेवून एकटी मेसचा डबा खात असतात. तुमच्या गल्लीतल्या हॉलची किल्ली कुणाकडे असते? नसेल माहीत, तर या आठवड्यात विचारून बघा.