पावसातला तिरंगा

इंग्रजी अमलात तिरंगा घेऊन रस्त्यावर उतरणाऱ्याला थेट तुरुंगाची वाट दाखवली जाई. १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह त्यातूनच पेटला. कर्जतच्या डोंगरपट्ट्यानं त्याहून मोठी किंमत मोजली. माथेरानचे वकील भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला, विजेचे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडाच्या जंगलात ते आणि मानिवलीचे हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. अशोकचक्राचा ध्वज संविधान सभेनं स्वीकारला तो २२ जुलै १९४७ ला. तो पाहणं दोघांच्याही नशिबी नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर झेंड्याला मान मिळाला, पण तो कचेऱ्या आणि शाळांपुरता. लोकांना घरावर तो लावता यायचा ठरावीक राष्ट्रीय दिवशीच. १९७१ च्या राष्ट्रप्रतिष्ठा अवमान प्रतिबंध कायद्यानं चारचौघांत ध्वज जाळणं, फाडणं, तुडवणं यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. आपल्या कारखान्यावर रोज झेंडा फडकवण्यासाठी उद्योगपती नवीन जिंदल न्यायालयात गेले. २६ जानेवारी २००२ ला नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि २३ जानेवारी २००४ ला सर्वोच्च न्यायालयानं सन्मानानं ध्वज फडकवणं हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. भाई कोतवालांच्या मुलखाला हा हक्क फार उशिरा मिळाला, असंच मला वाटतं.

कर्जत-खालापुरात या नियमांची खरी परीक्षा पाऊस घेतो. १५ ऑगस्ट म्हणजे इथे भर पावसाळा. सह्याद्रीवरून सर उतरली की खादीचा झेंडा भिजून जड होतो, काठीला चिकटतो, दोरी ओढता ओढली जात नाही. आणि २००२ ची संहिता तर सांगत होती, सूर्योदय ते सूर्यास्त, हवामान कसंही असो. चढवायचा झपाट्यानं, उतरवायचा सावकाश, मानानं. अशा वेळी ओल्या झेंड्याचं टोक चिखलाला लागलं तर गुन्हा होईल का, ही धास्ती शाळा-ग्रामपंचायतीत असते. ती अनाठायी आहे. २००३ च्या दुरुस्तीनं जमिनीला किंवा पाण्याला ध्वज लागू देणं अवमानात धरलं, पण ते जाणूनबुजून केलं तरच. केशरी पट्टा खाली ठेवण्याबाबतही तसंच. शब्द नीट वाचून घेतले तर निम्मी भीती जाते. ओला झेंडा उतरवून सावलीत वाळवावा, मगच घडी घालावी.

डिसेंबर २०२१ मध्ये पॉलिस्टरला परवानगी मिळाली, जुलै २०२२ मध्ये रात्रीही झेंडा ठेवायची मुभा आली. पॉलिस्टर लवकर वाळतो, हे खरं. तरी हातानं कातलेल्या, विणलेल्या खादीचं नातं स्वातंत्र्यलढ्याशी आहे. ते सोयीपोटी सुटलं याची मला खंत आहे. प्लास्टिकच्या झेंड्यांवर मात्र १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली, ती योग्यच झाली.

कायद्यातली एक गोष्ट अजून फार थोड्यांना ठाऊक आहे. चारचौघांत ध्वज जाळणं गुन्हा आहे, पण फाटलेला, विटलेला ध्वज नष्ट करायचा तर एकांतात, मानानं जाळणं हीच संहितेनं सुचवलेली रीत आहे. तेव्हा सरपंच आणि मुख्याध्यापकांना विनंती: यंदा वाडीवस्तीवर झेंडे वाटताना, १६ ऑगस्टला ते कुठे आणून द्यायचे, हेही सांगा.