एका गाण्यापुरती उरलेली माणसं

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावात राहुट्यांची रांग लागते. प्रत्येक राहुटीवर फडाच्या नावाचा फलक, फलकावर नटूनथटून उभ्या कलावंतांचे फोटो, आत गादी-लोड आणि तारखांची वही उघडून बसलेला व्यवस्थापक. गावोगावच्या यात्रा कमिटीची मंडळी येतात. अष्टमीची रात्र मोकळी आहे का, इथून बोलणं सुरू होतं. मग कलावंत किती, गाड्या किती, नाचणाऱ्या मुली किती, सोंगाड्या कोण, वग कोणता, दुसऱ्या दिवशी सकाळी हजेरीचा कार्यक्रम होणार का, अशी घासाघीस होऊन सुपारी ठरते आणि इसार दिला जातो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर, अकोले या सगळ्या टापूतल्या चैत्र-वैशाखाच्या जत्रांचा तमाशा असा ठरतो. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात ते उगाच नाही.

या पंढरीचं सगळ्यांत मोठं नाव विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर. त्यांचं नाव घेतलं की ऐकणाऱ्याला दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे ‘पोटासाठी नाचते मी’ ही लावणी. दुसरी म्हणजे बाळंतपणाची हकीकत. दिवस भरलेले असताना विठाबाई बोर्डावर उभ्या राहिल्या, कळा सुरू झाल्या तशा मागे गेल्या, मूल झालं, दगडानं नाळ ठेचली आणि पदर खोचून पुन्हा नाचायला आल्या, असं सांगितलं जातं. सत्कार-समारंभात ही हकीकत सांगितली की सभा गहिवरते. मला त्या गहिवराबद्दल शंका नाही. पण त्या रात्री वग कोणता होता, त्यात विठाबाईंचं काम काय होतं, ढोलकीवर कोण होतं, हे कुणी विचारत नाही. पन्नासेक वर्षं ज्या बाईनं रात्र-रात्र हजारोंच्या गर्दीला जागेवर बसवून ठेवलं, तिची आठवण एका गाण्यात आणि एका प्रसंगात कशी मावली, याचा शोध घ्यायला हवा.

विठाबाईंचा जन्म १९३५ सालचा, पंढरपुरातला. म्हणून नाव विठा. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. वडील भाऊ आणि चुलते बापू यांनी ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावानं तो महाराष्ट्रभर गाजवला. ही मुलगी त्या फडातच वाढली. गण, गौळण, बतावणी, वग हा तमाशाचा क्रम तिनं पुढ्यात बसून ऐकला, मग त्यात उभी राहिली. १९५७ आणि १९९० असा दोनदा राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. १९६२च्या चीन युद्धाच्या वेळी जवानांसाठीही त्या नाचल्या. १५ जानेवारी २००२ रोजी त्या गेल्या, तेव्हा हाताशी पैसा नव्हता. योगीराज बागुल यांनी ‘तमाशा : विठाबाईच्या आयुष्याचा’ हे पुस्तक लिहून ठेवलं, म्हणून आयुष्याचा तपशील तरी आपल्यापाशी आहे. कलेचा तपशील मात्र विरळच राहिला.

इथं तमाशातलं गाणं कसं चालतं ते नीट पाहायला हवं. संगीत बारीतली लावणी बैठकीजवळ रंगते. समोर मोजके रसिक, साथीला तबला-पेटी, सगळी मदार अदाकारीवर. ढोलकी फडाची लावणी उघड्या मैदानातली. आधी ढोलकी आणि हलगीची सलामी झडते. एकानं तोडा वाजवायचा, दुसऱ्यानं त्याला उत्तर द्यायचं, आणि गावकुसापर्यंत आवाज पोचला की लोक घोंगड्या-सतरंज्या घेऊन निघतात. मग तुणतुण्याच्या आणि मंजिरीच्या साथीत गाणं सुरू होतं. बाई ध्रुवपद म्हणते, मागचे झीलकरी झील धरतात, ती तान वर चढवून सोडते तिथून झीलकरी उचलतात, तेवढ्या वेळात ती एक फेर घेते आणि ढोलकीवाल्याच्या थापेवर बरोबर समेला पुन्हा उभी राहते. कुणी दौलतजादा केला की गाणं तिथंच थांबतं, देणाऱ्याचं नाव पुकारलं जातं, आणि तुटलेला धागा पुन्हा जोडावा लागतो. एखादं कडवं गर्दीला आवडलं तर ते चारदा येतं. सोंगाड्या मधेच घुसून हजरजबाबी बोलतो, बाई त्याच ताकदीनं परतवते. एवढं सगळं मिळून ‘एक लावणी’. तिची लांबी रात्र ठरवते, समोर बसलेलं गाव ठरवतं.

आता हेच तबकडीत घाला. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं ध्वनिमुद्रण झालं आणि हिंदुस्थानी गाणं तबकडीवर येऊ लागलं. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन मिनिटांच्या आसपास मावायचं. ख्यालगायकांनीही त्या तीन मिनिटांत राग बसवला, पण त्यांच्यामागे मैफल होती, शिष्य होते, लिहिणारे होते. तमाशातल्या बाईमागे यातलं लिहिणारं कुणी नव्हतं. तिचा वग, बतावणी, सोंगाड्याशी झडणारे सवाल-जवाब यांपैकी काहीच तबकडीजोगं नव्हतं. पुढं कॅसेट स्वस्त झाली, जत्रेतल्या पालावर मिळू लागली. पण तिच्यावरही सुटी गाणीच विकली गेली. तेव्हा लोकांच्या घरात जे गाणं शिरलं, तेवढं त्या बाईचं राहिलं.

दुसरा घाव चित्रपटानं घातला, आणि तो अधिक खोल आहे असं मला वाटतं. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ आला. पुण्यात विजयानंदला तो अडीच वर्षांच्या आसपास चालला. माडगूळकरांचे शब्द, वसंत पवारांचं संगीत आणि आशा भोसले यांचा आवाज, यातून ‘बुगडी माझी सांडली गं’ घराघरांत गेलं. १९७२ साली ‘पिंजरा’ आला. जगदीश खेबुडकर, राम कदम आणि उषा मंगेशकर. ही गाणी अस्सल आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण त्यांचा परिणाम राहुटीवर झाला. गावकरी चित्रपटातल्या लावणीची फर्माईश करू लागले आणि फडाला ती पुरवावी लागली, कारण सुपारी गावाच्या हातात. फडाचे स्वतःचे कवी होते. ते वगासाठी नवी पदं रचायचे, बाईच्या गळ्याचा पल्ला ओळखून शब्द बसवायचे. त्यांची पदं मागं पडली. जी कला मूळची, तिच्याच बोर्डावर तिची शहरी आवृत्ती मोठी झाली. ज्या मांग, महार, कोल्हाटी समाजांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या जगवला, त्यांच्या कवींची नावं त्या आवृत्तीत कुठंच नाहीत.

यात सरकारी धोरणाचाही हात आहे. स्वातंत्र्यानंतर लगेच मुंबई सरकारनं अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. मग दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली सुधारणा समिती नेमली गेली, आणि वगांची संहिता तपासून परवाना देण्याची पद्धत आली. ज्या खेळात निम्मं बोलणं त्या रात्री, त्या गावासाठी सुचतं, त्याची संहिता आधी दाखवा असं सांगितल्यावर काय होणार?

ही गत एकट्या विठाबाईंची नाही. नारायणगावाहून नाशिककडे निघालं की चंदनापुरीचा घाट उतरून संगमनेर लागतं. ते अनंत फंदींचं गाव. जन्म १७४४, मृत्यू १८१९. खर्ड्याच्या लढाईवर त्यांचा पोवाडा आहे, सवाई माधवरावांवर ‘श्रीमाधवनिधन’ हे ओवीबद्ध काव्य आहे, लावण्या आहेत. अहिल्याबाई होळकरांच्या सांगण्यावरून त्यांनी तमाशा सोडून कीर्तन धरलं अशी परंपरागत कथा आहे. पण मराठी माणसाला फंदी म्हटलं की आठवतो तो एकच उपदेशाचा फटका. कारण साधं आहे. पाठ्यपुस्तकात तो बसला. लावणी वर्गात शिकवता येत नव्हती, फटका येत होता. इथं तबकडीचं काम पाठ्यपुस्तकानं केलं.

होनाजी बाळा तर याहून विलक्षण. पुण्याचे हे शाहीर शृंगारिक लावणीचे बादशहा. १९५१ साली व्ही. शांतारामांनी ‘अमर भूपाळी’ काढला, वसंत देसाईंनी संगीत दिलं, आणि होनाजी हे नाव पहाटेच्या एका भूपाळीशी कायमचं बांधलं गेलं. चित्रपटात होनाजी झालेले आणि लता मंगेशकरांबरोबर ती भूपाळी गाणारे पंडितराव नगरकर हे रंगभूमीवरचे गायक नट होते. त्यांचीही ओळख त्याच भूपाळीपाशी थांबली. एका गाण्यानं दोन माणसं झाकली, शंभरावर वर्षांच्या अंतरानं.

मावळातल्या इंदुरीचे दादू इंदुरीकर ‘गाढवाचं लग्न’मधल्या सावळ्या कुंभारापुरते उरले. तरी ते सुदैवी, कारण त्यांच्या वाट्याला निदान एक अख्खा वग आला. आंबेगाव तालुक्यातल्या अवसरीचे वसंत अवसरीकर हे नामवंत सोंगाड्या. सोंगाड्याच्या नावावर तर गाणंही नसतं. प्रेक्षकाला पोट धरून हसवणारा माणूस मागं काय ठेवून जातो? ज्यांनी पाहिलं त्यांच्या तोंडचे दोन-चार विनोद, तेही बोर्डावरचा ठेका हरवलेले.

‘एकाच गाण्याचा कलावंत’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यात एक निवाडा असतो, की याच्यापाशी तेवढंच होतं. नारायणगावच्या बाबतीत हा निवाडा सपशेल चुकीचा आहे. त्यांच्यापाशी रात्रभराचं होतं. साठवणाऱ्याची पिशवी लहान होती. ‘पोटासाठी नाचते मी’ टिकलं त्यालाही हेच कारण असावं. त्या गाण्यात बाईचं कष्टाचं जगणं एका दमात सांगून होतं, भाषणात वापरता येतं, आणि ऐकणाऱ्याला बाकीची रात्र पाहण्याची गरज उरत नाही.

विठाबाईंची कन्या मंगला बनसोडे यांनी स्वतःचा फड काढून वगाची परंपरा चालवली. म्हणजे धागा पुरता तुटलेला नाही. ज्येष्ठ कलावंतांच्या ट्रंकांमध्ये वगांची हस्तलिखित बाडं आहेत, कडा झिजलेली, कुठं पेन्सिलीनं पदं वाढवलेली. म्हातारे ढोलकीवाले अजून तोडे सांगू शकतात. राज्य सरकार २००६पासून विठाबाईंच्या नावानं तमाशातल्या ज्येष्ठांना जीवनगौरव पुरस्कार देतं. शाल, मानपत्र, धनादेश आणि भाषणं होतात. त्याच पुरस्काराला एक अट जोडता येईल. ज्या कलावंताला तो मिळेल, त्याच्या फडाचा एक पुरा खेळ, गणापासून वगाच्या शेवटापर्यंत, गावच्या जत्रेत, खऱ्या गर्दीसमोर, न कापता चित्रित करायचा. त्याच्याजवळची बाडं उतरवून घ्यायची. आणि पदं ज्यांनी रचली त्या फडकवींची नावं त्यांच्याकडूनच विचारून लिहायची. नारायणगावात राहुट्या पडतात तेव्हा महाराष्ट्रातले बहुतेक फडमालक एका रस्त्यावर भेटतात. सुरुवात तिथूनच करता येईल, येत्या पाडव्याला.