बाळाच्या हातावर बेदाणा ठेवण्यापूर्वी

गणपतीची आरती संपते आणि खिरापत वाटली जाते. खोबरे, खारीक, खडीसाखर, बेदाणे! शेजारच्या काकू कडेवरच्या बाळाच्या हातावरही प्रेमाने एक बेदाणा ठेवू लागतात. त्यांना थांबवावे का? घरात लहान भावंड असेल, तर याचे उत्तर तुम्हाला ठाऊक हवेच.

प्रथम बेदाण्याकडे पाहू. सांगली-तासगाव भागात द्राक्षे जाळ्यांवर सावलीत वाळवतात. ताज्या द्राक्षात सुमारे ८० टक्के पाणी असते, बेदाण्यात उरते सुमारे १५ टक्के. म्हणून १ किलो बेदाण्यासाठी सुमारे ४ किलो द्राक्षे लागतात. पाणी उडून जाते; साखर आणि लोहासारखी खनिजे मात्र मागेच राहतात. म्हणून बेदाणा पौष्टिक असतो, तसाच तो फार गोड, चिवट आणि चिकटही असतो.

आता बाळाकडे पाहा. समोरचे दात आले, तरी ते फक्त तुकडा तोडतात. चावून बारीक करण्याचे काम दाढांचे. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या सुमारास येतात आणि नीट चावायला शिकण्यास त्यानंतरही बराच काळ लागतो. शिवाय नवजात बाळाच्या श्वासनलिकेचा व्यास जेमतेम ४ ते ५ मिलिमीटर असतो, म्हणजे तुमच्या पेन्सिलीच्या जाडीपेक्षाही कमी! पट्टी घेऊन एक बेदाणा मोजा, म्हणजे धोका लगेच ध्यानात येईल.

एक प्रयोग करा. दहा बेदाणे रात्रभर पाण्यात भिजत घाला. सकाळी ते टपोरे फुगलेले दिसतील. बेदाण्याच्या आत साखर दाट असल्यामुळे पाणी सालीतून आत शिरते. यालाच परासरण म्हणतात. श्वासनलिकेत अडकलेला बेदाणाही तेथील ओलाव्याने असाच फुगू शकतो. पण हेच परासरण आपल्या उपयोगीही पडते. भिजलेला बेदाणा चमच्याने सहज कुस्करता येतो.

मग बाळाला सुका मेवा द्यावा तरी कसा? पहिले ६ महिने बाळाला फक्त आईचे दूध द्यावे. त्यानंतर वरचे अन्न सुरू झाले, की धुऊन भिजवलेले बेदाणे किंवा बी काढलेला खजूर अगदी मऊ वाटून, गाळून, नाचणीच्या खिरीत चमचाभर मिसळावा. नवा पदार्थ एका वेळी एकच द्यावा, म्हणजे काही त्रास झाल्यास कारण कळते. आजी खारीक सहाणेवर उगाळते, तुकडा देत नाही, यामागचे शास्त्र आता तुमच्या ध्यानात आले असेल. साधारण ४ वर्षांपर्यंत अख्खा बेदाणा देऊ नये. अख्खे शेंगदाणे आणि बदाम तर ५ वर्षांपर्यंत नकोतच.

दातांचाही विचार हवा. दाताला चिकटलेल्या साखरेपासून तोंडातील जंतू आम्ल तयार करतात आणि दात किडतो. म्हणून सुका मेवा अधूनमधून चघळायला न देता जेवणाबरोबर द्यावा व नंतर पाणी पाजावे.

मूल नेहमी बसून खाऊ दे. खाताना त्याला हसवू नका, पळवू नका. ठसका लागून ते जोराने खोकत असेल, तर खोकू द्या. पण आवाजच निघेना, श्वास घेता येईना, तर ताबडतोब मोठ्यांना हाक मारा आणि १०८ क्रमांकावर फोन करायला सांगा. एक वर्षाखालील बाळाला हातावर पालथे, डोके खाली असे धरून दोन्ही खांद्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने ५ थापा मारतात. तेवढ्याने भागले नाही, तर उताणे करून छातीच्या मध्यभागी ५ वेळा दाब देतात. घास दिसत नसताना तोंडात बोट मात्र घालू नका, तो आणखी आत जाईल. ही कृती शाळेत प्रथमोपचाराच्या जाणकाराकडून बाहुलीवर शिकून घ्या.

आणि काकूंना काय सांगाल? “काकू, हा बेदाणा मला द्या. बाळासाठी आम्ही भिजवून कुस्करून देऊ!”