ब्रेड काढला, बटाटा राहिला

माझे दीर डायचं काम करतात. दागिन्यांवरची नक्षी ज्या धातूच्या ठशांवरून उठवतात, ते ठसे कोरायचं हे काम. आमच्या चिंचणी गावात ते कितीतरी घरांत चालतं. सकाळी मान खाली घालून बसलं की दिवेलागणीलाच उठायचं. गेल्या पावसाळ्यात त्यांची तीन महिन्यांची सरासरी साखर वाढलेली निघाली आणि डॉक्टरांनी ब्रेड-पाव कमी करायला सांगितलं. महिन्याभरानं घरी आले ते खुशीतच. म्हणाले, "वहिनी, सँडविच नाही सोडलं, ब्रेड सोडला. आता भाकरीत घालून खातो." मी डबा उघडून पाहिला. तांदळाची भाकरी, आत उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या, त्यावर लाल सॉस.

माणूस मनापासून पथ्य पाळत होता आणि ते वाया जात होतं. मला याचंच वाईट वाटतं. बोईसरला कंपन्यांत पाळीवर जाणारे, लोकलनं मुंबईकडे जाणारे, दुकानात दिवसभर बसणारे असे कितीतरी जण आज ब्रेडशिवायचं सँडविच करू बघतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. त्यामुळे या साध्या खाण्याबद्दलचे गैरसमज नीट सोडवायला हवेत.

गैरसमज : ब्रेड काढला की कार्ब संपले.

गाडीवर मिळणारं आपलं नेहमीचं व्हेज सँडविच घ्या आणि एकदा हिशेब मांडा. ब्रेडचा एक स्लाइस साधारण ३० ग्रॅमचा. त्यात १५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं (कार्ब), म्हणजे दोन स्लाइसमध्ये ३०. आत ५० ग्रॅम उकडलेला बटाटा असेल तर त्याचे १०. बिटाच्या चार चकत्यांचे ३, कांद्याचे २, काकडी-टोमॅटोचे मिळून २-३. वरून टोमॅटो सॉसचा मोठा चमचा, त्याचे ४ ते ५ आणि त्यातली बहुतेक साखरच. बेरीज ५०च्या घरात जाते. नुसता ब्रेड काढला तर २० ग्रॅम तसेच ताटात राहतात. त्यातले निम्मे एकट्या बटाट्याचे आहेत. बटाटा आणि सॉसला हात न लावता ब्रेड काढणं हे अर्धंच काम.

चटणीकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. गाडीवरची हिरवी चटणी पाणी सुटू नये म्हणून काही जण ब्रेडचा तुकडा, डाळं किंवा बटाटा घालून दाट करतात. घरी करताना ओल्या खोबऱ्यानं किंवा भाजलेल्या शेंगदाण्यानं दाट करा. कोथिंबीर, पुदिना, हिरवी मिरची, आलं, लिंबू, मीठ एवढं पुरे. पाणी जवळजवळ घालायचंच नाही.

गैरसमज : भाकरी, घावन, पोळा आपले घरचे. त्यांत कसले कार्ब?

हा सगळ्यांत पसरलेला गैरसमज आहे. घरचं म्हणजे चांगलं, हे भेसळीच्या बाबतीत खरं. पण १०० ग्रॅम तांदळाच्या पिठात जवळजवळ ८० ग्रॅम कर्बोदकं असतात. एका मध्यम भाकरीला ५० ग्रॅम पीठ लागलं, तर ती एकटीच ४० ग्रॅमची झाली, दोन स्लाइस ब्रेडपेक्षा जास्त. नाचणीचं पीठही ७०च्या आसपास आहे. नाचणीत कॅल्शियम भरपूर, तंतू जास्त, ती खावीच. पण ती कमी कार्बची नाही. बेसनाच्या पोळ्यात प्रथिनं चांगली मिळतात, तरी बेसनातही निम्म्याहून जास्त भाग कर्बोदकांचाच. म्हणून एक पातळ पोळा चालेल, पोट भरेपर्यंत नाही.

ब्राउन ब्रेडचंही तेच. रंग बघून घेऊ नका. पाकीट उलटं करा आणि घटकांच्या यादीत पहिलं नाव मैद्याचं आहे का ते बघा. पूर्ण गव्हाचा असला तरी कार्बचा आकडा फारसा खाली येत नाही. त्याच संशोधन परिषदेच्या पाहणीवर आधारलेला आहाराचा अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. त्यात भारतीयांच्या आहारातल्या उष्मांकांपैकी सुमारे ६२ टक्के कर्बोदकांतून येत असल्याचं दिसलं. नुसता पांढरा भात सोडून गहू किंवा भरडधान्याचं पीठ घेतलं आणि एकूण कर्बोदकं तेवढीच राहिली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. उष्मांकांचा अवघा ५ टक्के वाटा कर्बोदकांकडून डाळी-कडधान्यं किंवा दूधदुभत्याच्या प्रथिनांकडे वळवला, तर धोका कमी असल्याचं दिसलं. दिरांना मी हेच समजावलं. एका पिठाच्या जागी दुसरं पीठ आणून भागणार नाही, पिठाच्या जागी पनीर, अंडं, मासा यायला हवा.

गैरसमज : हे सगळं अमेरिकेचं फॅड.

अमेरिकेत डेली म्हणजे थंड मांस, चीज आणि लोणची विकणारी दुकानं. तिथं भरगच्च सँडविच ब्रेडऐवजी लेट्यूसच्या पानात गुंडाळून देण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे, हे खरं. पण आपल्या किनाऱ्यावर नवखा आहे तो पावच. पाव हा शब्द पोर्तुगीजांकडून आला आणि आपल्या शेजारचा तारापूरचा किल्लाही १७३९ साली मराठ्यांनी घेईपर्यंत पोर्तुगीजांकडेच होता. पानात गुंडाळून शिजवणं मात्र इथं घराघरांत मुरलेलं आहे. डहाणूकडच्या पारशी घरांतली पात्रानी मच्छी आठवा. पापलेटाला खोबरं-कोथिंबिरीची हिरवी चटणी लावायची, केळीच्या पानात बांधायचं आणि वाफवायचं. सँडविचची चव ज्या हिरव्या चटणीत असते तिचीच ही बहीण, आणि पिठाचा कणही नाही. माशात कर्बोदकं जवळपास शून्य. मात्र तोच मासा रवा किंवा तांदळाच्या पिठात घोळवून तळला की हिशेब बदलतो, हे बोंबील आवडणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

लेट्यूस शोधत बोईसरचा बाजार पालथा घालायची गरज नाही. आपल्या डहाणू-वाणगाव पट्ट्यात मिरचीची शेती मोठी आहे आणि तिखट मिरचीबरोबर ढोबळीही पिकते. ब्रेडच्या जागी बसवायला मला ढोबळी मिरचीइतकं चांगलं काही मिळालेलं नाही. १०० ग्रॅम हिरव्या ढोबळीत ५ ग्रॅमच्या आतच कर्बोदकं आणि क जीवनसत्त्व भरपूर. साल टणक असते, त्यामुळे हातात धरून खाता येतं.

मोठी, चौकोनी, जाड सालीची मिरची निवडा. देठ वर ठेवून ती उभी धरा आणि चारी बाजूंच्या भिंती वरून खाली कापून घ्या. मधला बियांचा गाभा आपोआप उभा राहतो, बिया ताटभर सांडत नाहीत. भिंतींच्या आतले पांढरे पडदे सुरीनं काढा, नाहीतर कडवटपणा येतो. आता भिंती फडक्यानं कोरड्या पुसा. तव्याला तेलाचा हात लावून सालीची बाजू खाली ठेवा आणि मोठ्या आचेवर मिनिटभरच भाजा. सालीवर काळे ठिपके आले की उतरवा. जास्त ठेवल्या तर लुळ्या पडतात आणि सँडविच हातात धरता येत नाही. आतल्या बाजूला चटणी लावा. त्यावर पनीरची जाड चकती, काकडी, टोमॅटो, कांदा. काकडी-टोमॅटोवर आधी मीठ भुरभुरून पाच मिनिटं ठेवा आणि सुटलेलं पाणी टिपून घ्या. सगळं गळण्याचं मूळ या पाण्यातच असतं. वरून सँडविच मसाला : भाजलेलं जिरं, बडीशेप, काळं मीठ, आमचूर, चिमूटभर दालचिनी. दुसरी भिंत वर ठेवून दाबा.

दीड मिरची, ७५ ग्रॅम पनीर आणि भाज्या मिळून कर्बोदकं १५ ग्रॅमच्या आसपास येतात. कुठे ५० आणि कुठे १५! चव मात्र गाडीवरच्या सँडविचचीच लागते, कारण ती चव ब्रेडची कधी नव्हतीच, चटणीची आणि मसाल्याची होती.

कोबीचं पानही चालतं. गड्ड्याचा दांडा खोलवर कापून गड्डा दोन मिनिटं उकळत्या पाण्यात धरला की पानं न फाटता सुटतात. मधली जाड शीर सुरीनं तासून घ्यायची, म्हणजे पान वळतं.

गैरसमज : यानं पोट भरत नाही.

नुसत्या काकडी-टोमॅटोनं नाहीच भरणार. तासाभरात भूक लागते आणि मग फरसाणाच्या पुड्याकडे हात जातो. पोट धरून ठेवतात ती प्रथिनं. ७५ ग्रॅम पनीरमध्ये १३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात, दोन उकडलेल्या अंड्यांत १२. ती आत असली तर पहिल्या पाळीचा माणूस जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहज निघतो.

गैरसमज : ब्रेड नाही, मग बटर-चीज हवं तेवढं.

नाही. कार्ब कमी म्हणजे उष्मांक कमी असं नव्हे, आणि चीजमध्ये मीठही बरंच असतं. रक्तदाब असणाऱ्यांनी ताजं पनीरच घ्यावं.

शेवटचा गैरसमज सगळ्यांत धोक्याचा : खाण्यातला बदल आहे, यात डॉक्टरांना काय विचारायचं?

विचारायलाच हवं. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना कर्बोदकं एकदम कमी केली, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, छातीत धडधडणं, डोळ्यांपुढे अंधारी येणं ही त्याची लक्षणं आहेत. मशीनवर किंवा रस्त्यावर असताना हे झालं तर काय होईल, ते सांगायला नको. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर असणाऱ्यांना कर्बोदकं फार तोडल्यानं रक्तात आम्ल वाढण्याचा वेगळाच धोका असतो. गरोदर बाया आणि मूत्रपिंडाचे रुग्ण यांनीही स्वतःच्या मनानं हे सुरू करू नये. माझे दीर मिरचीचं सँडविच खाऊ लागले ते डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी पुन्हा दाखवून आल्यावरच. तुम्हीही आधी ती चिठ्ठी घेऊन दवाखान्यात जाऊन या, मग बाजारात ढोबळी मिरची घ्यायला जा.